कौटुंबिक हिंसाचाराची केस: कायद्यातले ६० दिवस आणि आमच्या ३१ तारखा

मुग्धा_वारजे

नमस्कार मंडळी. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबला तर सांभाळून घ्या. धाकट्या बहिणीच्या केसबद्दल लिहायचंय. तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये ती रात्री साडेअकराला आमच्या दारात उभी होती, कडेवर तीन वर्षांची लेक, हातात लेकीचं लसीकरणाचं कार्ड आणि मोबाईलचा चार्जर. बाकी काहीच नाही. सासर दुसऱ्या जिल्ह्यात, मिळेल त्या एसटीनं आली होती. दंडावर बोटांचे वळ होते. आईनं आधी पोरीला दूधभात भरवला आणि मग हिचा दंड बघून तिथेच ओट्याला टेकून रडायला लागली. त्याच रात्री आम्ही चौकीत गेलो. तिथल्या साहेबांनी पाणी दिलं, ऐकून घेतलं, एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) लिहून हातात दिली आणि म्हणाले नवराबायकोचं आहे, सकाळी शांत डोक्यानं या, संसार मोडायला वेळ लागत नाही. वाईट माणूस नव्हता तो. पण सकाळी गेलो तर ड्युटी बदललेली आणि सगळं परत पहिल्यापासून सांगा.

मग वकील केला, कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली कलम १२ चा अर्ज टाकला. पुण्यातच टाकता आला, कारण बाई सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टात जाता येतं. वकिलांनी कायदा वाचून दाखवला तेव्हा खरंच धीर आला होता. अर्ज आल्यावर साधारण तीन दिवसांत पहिली तारीख आणि पहिल्या तारखेपासून ६० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा, असं त्यात छापलंय.

आमची पहिली तारीख तीन आठवड्यांनी पडली. मग नोटीस. कायदा म्हणतो दोन दिवसांत बजावा, आमची 'घर बंद' असा शेरा घेऊन तीनदा परत आली आणि घर तर बंद नव्हतंच, शेजारीण फोनवर सांगायची की सगळे आत आहेत. चार महिने त्यात गेले. मग नवरा हजर झाला, वकीलपत्र दाखल, से (लेखी म्हणणं) द्यायला मुदत. पुढच्या तारखेला पुन्हा मुदत. मग न्यायाधीश रजेवर, मग समोरचे वकील आजारी, मग बदली. परवा मी डायरी काढून मोजलं, दोन वर्षांत ३१ तारखा झाल्या आणि त्यातल्या तीन तारखांना तिचं म्हणणं कुणीतरी खरंच ऐकून घेतलं. बाकी २८ वेळा अर्धा दिवस रजा, पोरीला शेजारी ठेवा, बाकड्यावर बसा, पुकारा झाला की उभं राहा, पुढची तारीख लिहून घ्या आणि घरी या. बऱ्याचदा तो त्याच पॅसेजमध्ये पाच फुटांवर उभा असायचा. ही भिंतीकडे तोंड करून बसायची.

मला निकालाची घाई नाहीये हो, निकाल लागेल तेव्हा लागेल. मधल्या काळात ह्या बाईनं कशावर जगायचं, एवढंच मी दोन वर्षं विचारतेय. तिचं डीएड झालंय. एका शाळेत जागा होती, त्यांनी ओरिजिनल सर्टिफिकेटं मागितली आणि ती सासरच्या कपाटात. ती मिळवायला आम्हाला पुढचा एप्रिल उजाडला. दहा महिने. जागा अर्थातच गेली.

तुमचे अनुभव लिहा. काय चुकलं आमचं, काय करायला हवं होतं तेही लिहा, वाईट वाटून घेणार नाही.

अ‍ॅड_सदाशिवपेठ

मुग्धाताई, मी पंधरा वर्षं ह्याच केसेस करते. तुमचं चुकलं असं म्हणणार नाही. पण बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी लिहिते, कारण जवळपास प्रत्येक क्लायंटला मी हे पहिल्याच बैठकीत सांगते.

कलम १२ च्या अर्जाबरोबरच कलम २३ चा अंतरिम अर्ज द्यायचा, सोबत प्रतिज्ञापत्र. परिस्थिती तातडीची असेल तर समोरचा हजर नसतानाही, नोटिशीची वाट न बघता, कोर्ट एकतर्फी अंतरिम आदेश देऊ शकतं. संरक्षण, घरात राहण्याचा हक्क, खर्चाचे पैसे, मुलांचा ताबा, सगळं. आणि कागदपत्रं, दागिने, स्त्रीधन परत द्या असा आदेश कलम १९ खाली मागता येतो. सर्टिफिकेटांसाठी वेगळा परिच्छेद, वेगळी मागणी, यादीसकट. अर्जात शेवटच्या ओळीत 'व इतर योग्य दाद' असं लिहून सोडलं की कुणाचंच तिकडे लक्ष जात नाही.

दुसरं, डीआयआर म्हणजे संरक्षण अधिकाऱ्याचा अहवाल. तो आला नाही म्हणून केस अडून राहते असं अजूनही सांगितलं जातं. २०२२ मध्ये प्रभा त्यागीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की तो नसला तरी कोर्ट आदेश देऊ शकतं. अहवाल आला असेल तर मात्र विचारात घ्यायलाच हवा.

अंतरिम आदेश मिळाला का तुम्हाला? किती दिवसांनी?

मुग्धा_वारजे

मिळाला ताई, अकराव्या महिन्यात. तिला ८००० आणि मुलीला ५०००. त्यानं दोन महिने भरले आणि बंद केले. आता वसुलीचा अर्ज टाकलाय, म्हणजे त्याच्या वेगळ्या तारखा चालू झाल्यात, ३१ मध्ये त्या धरलेल्या नाहीत.

सर्टिफिकेटं आणायला गेलो त्याबद्दल लिहितेच. कोर्टाचा आदेश, संरक्षण अधिकारी मॅडम, एक लेडी कॉन्स्टेबल, बहीण आणि मी. यादीत चौदा वस्तू. सासूबाई दारातच किल्ल्यांचा जुडगा मुठीत धरून उभ्या होत्या. मॅडमनी ओट्यावरच कागद ठेवून एकेक वस्तू लिहायला घेतली. स्टीलचे डबे दिले, झाकणं नाहीत. कुकर दिला, शिट्टी नाही. पाटल्या म्हणे बँकेच्या लॉकरमध्ये. बहीण कशावरच काही बोलत नव्हती, फक्त 'निळी फाईल' एवढंच म्हणत होती, चारपाच वेळा. शेवटी कॉन्स्टेबलताईंनी स्वतः कपाट उघडायला लावलं, साड्यांच्या खाली निळी फाईल होती. हिनं तिथेच जमिनीवर बसून एकेक कागद मोजला, दहावी, बारावी, डीएडची दोन वर्षं, मुलीचा जन्मदाखला. कुकर आम्ही तिथेच ठेवून आलो.

फौजदार_काका

मी सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. पहिल्या रात्रीच्या एनसीबद्दल बोलतो, कारण टेबलाच्या पलीकडे मीही बसलोय आणि असल्या एनस्या मीही लिहिल्यात. आज त्याचं वाईट वाटतं.

पत्नीचा छळ हा दखलपात्र गुन्हा आहे. १९८३ पासून ४९८ अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ आणि ८६, शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत आणि दंड. मग एनसी का लिहितात? एक तर रात्रपाळीला माणसं कमी. दुसरं म्हणजे खरोखरच वाटतं की सकाळी दोघं एकत्र येतील आणि पंधरा दिवसांत हीच बाई तक्रार मागे घ्यायला येईल. येतातही. पण ती का परत येते हे आम्ही कधी विचारलं नाही. राहायला जागा नाही, हातात पैसा नाही, म्हणून येते.

२००५ च्या कायद्यात पोलिसांवर एक काम स्पष्ट टाकलंय. बाई आली की तिला सांगायचं, तुला संरक्षण आदेश मागता येतो, संरक्षण अधिकारी आहेत, वकील फुकट मिळतो आणि गुन्हाही नोंदवता येतो. हे चार मुद्दे सांगायला दोन मिनिटं लागतात. माझ्या नोकरीत हे सांगताना मी फार थोड्यांना बघितलं.

मुलींनो, तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख घ्या. हद्द आमची नाही म्हणाले तर झिरो एफआयआर (हद्द कुठलीही असो, कुठल्याही ठाण्यात नोंदवता येणारा गुन्हा) मागा, नव्या कायद्यात तो लिहून आलाय. नवराबायकोच्या वादात वरिष्ठांच्या परवानगीनं १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा पोलिसांना आहे, पण चौकशी म्हणजे तक्रार न घेणं नव्हे. ठाण्यात घेतच नसतील तर पोलीस आयुक्तांना लेखी पाठवा आणि तिथेही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आणि मार लागलेला असेल तर त्याच रात्री सरकारी दवाखाना. डॉक्टरला 'पडले' सांगू नका, कुणी मारलं ते नावानिशी सांगा, केसपेपरवर ते चढलं पाहिजे. दोन वर्षांनी कोर्टात वळ दाखवता येत नाहीत, कागद दाखवता येतो.

समीर_चिंचवड

सगळं पटतंय, पण दुसरी बाजू लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझं लग्न दीड वर्षात मोडलं. चूक दोघांची होती, मारहाण नव्हती, हे मी माझ्या मुलाच्या शपथेवर सांगतो. तरी ४९८ अ मध्ये माझी ६८ वर्षांची आई आणि लग्न होऊन बेळगावला गेलेली बहीण, दोघींची नावं. आई अटकपूर्व जामिनासाठी काठी टेकत कोर्टाचे जिने चढली ते मी विसरू शकत नाही. कायदा नको असं माझं म्हणणं नाही. पण जिथे खरंच मारहाण आहे तिथे हे असले अर्ज रांग वाढवतात असं मला वाटतं.

अ‍ॅड_सदाशिवपेठ

समीर, तुमच्या आईंना जे भोगावं लागलं ते चुकीचंच होतं. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानंही म्हटलंय की ठोस आरोप नसताना घरातल्या सगळ्यांची नावं गोवू नयेत. त्याआधी २०१४ च्या अर्नेशकुमार निकालापासून ह्या कलमात आपोआप अटक होत नाही, आधी नोटीस, आणि अटक का गरजेची ते पोलिसांना लिहून द्यावं लागतं. मी स्वतः क्लायंटला सांगते, ज्यानं जे केलं तेवढंच आणि तारखेसकट लिहा. नणंदेनं काही केलं नसेल तर नणंदेचं नाव नको. खोटं एक वाक्य घुसलं की उलटतपासणीत खरी दहा वाक्यं त्याच्याबरोबर वाहून जातात.

पण इथे लोकांची एक गल्लत होते. डीव्हीची म्हणजे कौटुंबिक हिंसाचाराची केस वेगळी आणि ४९८ अ वेगळी. डीव्हीच्या अर्जावरून कुणाला अटक होत नाही. तो दाद मागण्याचा अर्ज आहे, मारू नका, घराबाहेर काढू नका, खर्च द्या. संरक्षण आदेश झाल्यावर तो मोडला तरच कलम ३१ खाली गुन्हा, एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. मुग्धाताईंच्या बहिणीनं तर हाच सौम्य रस्ता धरला होता.

आणि रांगेबद्दल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के बायकांनी ना कुणाची मदत मागितली होती ना कुणाला सांगितलं होतं. रांगेत उभ्या आहेत त्या फारच थोड्या आहेत हो.

समीर_चिंचवड

७७ टक्के हा आकडा मला माहीत नव्हता. आईला वाचून दाखवला. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली आमच्या वाड्यात कुणीच सांगत नव्हतं.

सहकारनगर_आजी

मुली, माझं वय ७१. नातवानं टाईप करून दिलंय. माझ्या वेळी ४९८ अ आलेलं होतं पण ते मला कळलं नवरा गेल्यावर. तेव्हा माहेरी गेलं की आठ दिवसांनी भाऊच परत सोडून यायचा. एवढंच सांगायचंय की तुझ्या आईनं त्या रात्री दार उघडलं आणि परत पाठवलं नाही, हे फार मोठं केलं.

आणि एक प्रश्न. आमच्या खालच्या मजल्यावरच्या बाईंवर त्यांचा मुलगाच हात टाकतो. हा कायदा फक्त बायकोसाठीच आहे का?

अ‍ॅड_सदाशिवपेठ

नाही आजी, एका घरात राहणारी आई, बहीण, मुलगी, विधवा भावजय, कुणीही अर्ज करू शकते. त्यांना मुलाविरुद्ध नक्की करता येईल. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ चा वेगळा कायदाही आहे. कुणीतरी सोबत जायला मात्र हवं.

बकुळ_२

मी हा धागा तीन दिवस वाचतेय. दुसऱ्याच्या फोनवरून लिहितेय, माझा फोन रोज तपासला जातो.

मी पुण्यातच, सासरीच राहते. माहेर खूप लांब आहे आणि तिथे वडील आजारी. फ्लॅट सासूबाईंच्या नावावर आहे, आणि रोज एकच वाक्य, हे घर तुझं नाही, कधीही बाहेर काढू. मार नेहमी नसतो, महिन्यातून दोनदातीनदा. पगार माझ्या खात्यात येतो पण कार्ड त्यांच्याकडे. मी केस केली तर त्याच रात्री बाहेर काढतील ना? मुलगा दुसरीत आहे, त्याची शाळा समोरच आहे.

अ‍ॅड_सदाशिवपेठ

बकुळ, नीट वाचा. घर कुणाच्या नावावर आहे ह्यानं तुमचा राहण्याचा हक्क जात नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की लग्नानंतर जिथे संसार करून राहिलात ते घर सासूसासऱ्यांच्या मालकीचं असलं तरी 'सामायिक घर' ठरू शकतं. त्याआधीचा निकाल उलट होता, त्यामुळे जुन्या माहितीवर लोक अजूनही धमकावतात. हक्क कायमचा आणि बिनशर्त आहे असं नाही, सासूसासऱ्यांच्या बाजूचाही विचार होतो, पण कायदेशीर मार्गाशिवाय तुम्हाला हाकलता येत नाही. घरातच राहून अर्ज करता येतो. तिथे राहणं अशक्य असेल तर भाड्याची सोय करा, असाही आदेश मागता येतो. आणि पगाराचं कार्ड काढून घेणं ही कायद्याच्या भाषेत आर्थिक हिंसा आहे, 'मार नेहमी नसतो' म्हणून तुमची तक्रार छोटी होत नाही.

वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असलं तरी. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण शिवाजीनगर कोर्टात आहे, जिल्हा न्यायालय (आधीचं सिव्हिल कोर्ट) मेट्रो स्टेशनला उतरलात की समोरच. फोनवर १५१०० लावा.

फौजदार_काका

बकुळ बेटा, जीवावर आलं तर ११२. महिलांची हेल्पलाईन १८१. पुणे पोलिसांचा भरोसा सेल आहे, तिथे समुपदेशक असतात. समुपदेशन हवं असेल तरच घे, आणि कोर्टानं नवऱ्याला समुपदेशनाला पाठवलं तर मी मारणार नाही असं आधी त्याच्याकडून लिहून घ्यायचं असतं, हे नियमात आहे. तडजोड म्हणून तुझ्याकडून कुठल्याही कागदावर सही घेत असतील तर वाचल्याशिवाय करू नकोस. आधार, मुलाचा जन्मदाखला, पगाराच्या स्लिपा, ह्यांचे फोटो ऑफिसातल्या विश्वासातल्या बाईच्या फोनवर ठेव, स्वतःच्या फोनवर नको.

मुग्धा_वारजे

बकुळ, ओरिजिनल सर्टिफिकेटं आधी बाहेर काढ. आजच. डब्यात, मुलाच्या दप्तरात, कशातही घाल आणि ऑफिसात नेऊन ठेव. आमची दहा महिने अडकली होती. आणि शिवाजीनगरला जायचं असेल तर मी येते सोबत, मला आता तिथले सगळे जिने पाठ आहेत. व्यनि (खाजगी निरोप) करू नकोस, फोन तपासतात ना, इथेच वार आणि वेळ लिही, मी येऊन उभी राहीन. हिरवी छत्री असेल.

अ‍ॅडव्होकेट ताई, वसुलीसाठी अजून काही करता येतं का? तो नोकरीत आहे, पगार चालू आहे.

अ‍ॅड_सदाशिवपेठ

येतं. कलम २०(६). आदेश होऊनही भरत नसेल तर कोर्ट थेट त्याच्या कंपनीला सांगू शकतं की पगारातून कापून बाईला द्या किंवा कोर्टात जमा करा. तसा अर्ज द्या, कंपनीचा पूर्ण पत्ता घाला. कलम ३१ च्या मागे लागू नका, ते मुळात संरक्षण आदेश मोडण्यासाठी आहे आणि पैशांच्या थकबाकीला ते लावायचं की नाही ह्यावर वाद घालण्यात आणखी सहा तारखा जातील. दोघांची उत्पन्न-मालमत्तेची प्रतिज्ञापत्रं दाखल झालीत का तेही बघा, २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून ती सक्तीची आहेत. आणि अंतिम पोटगी अर्जाच्या तारखेपासून मोजायची असते, म्हणजे तुमचे पहिले अकरा महिने बुडालेले नाहीत.

मुग्धा_वारजे

पगारातून कापायचा अर्ज दिलाय. ह्या वेळी न्यायाधीश बाईंनी समोरच्या वकिलांना मुदत दिली नाही, म्हणाल्या मुलीच्या शाळेची फी मुदत मागून थांबते का. पुढच्या तारखेच्या आत कंपनीला पत्र जाणार आहे. बहीण जूनपासून एका बालवाडीत जातेय, ७५०० देतात.

बकुळ_२

मंगळवारी अकरा वाजता. ऑफिसात हाफ डे टाकलाय. निळी फाईल नाही, माझी पिवळी आहे, ती कालच आणून ड्रॉवरमध्ये ठेवली.

मुग्धा_वारजे

पावणेअकरालाच येते. मेट्रोच्या सरकत्या जिन्याजवळ.